अमावस्येची सुट्टी

१० एप्रिल, शुक्रवार

ही डायरी चैतालीच्या सातपूरच्या कारखान्यातली. नव्या वर्षाला तिथं सगळ्यांना देतात. एप्रिल आला तरी कोरीच होती, पहिल्या पानावर तेवढं तिचं नाव. मी म्हटलं, मला दे. ती म्हणाली, आजी, तुला लिहिता कुठं येतं? मी म्हटलं, मला स्वयंपाक येतो तरी तो राखी करते ना, मग लिहीलही तीच. तर आजपासून बोलणार मी, शकुबाई, आणि लिहिणार माझी सून राखी, म्हणजे चैतालीची आई. सुनेच्या हातात पेन आहे, त्यामुळे सुनेविरुद्ध काही सांगता येणार नाही, एवढं एकच नुकसान. लिहिलंस का? लिहिलं म्हणते.

आता बातमी. आमच्या आसनवाड्यात बाजार भरणार. नामपूरहून अर्ध्या तासावरचं गाव, इथं आजवर भरली ती फक्त शाळा. कांदा आम्ही पिकवायचा आणि ट्रॉली घेऊन दुसऱ्याच्या दारी रांग लावायची. आता गावातल्या बायकांनी मिळून कंपनी काढलीय, सरकारकडून स्वतःचा कांदा बाजार भरवायचा परवाना आणलाय, मोठी पत्र्याची शेड उभी केलीय, वजनकाटा बसवलाय. अध्यक्ष सिंधुबाई. तिच्या वावरात मी तरुणपणी मजुरीला जायचे, आता मीटिंगला तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसते. ती म्हणते, मजुरीला होतीस तेव्हा बरी गप्प असायचीस.

आणि बाजाराची व्यवस्थापक आमची चैताली. कारखान्यातून तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून आलीय. तेवढ्यात बाजार उभा राहिला तर ती इथं, नाही तर परत सातपूर, ती भाड्याची खोली आणि ती शिफ्ट. मला काय, कुठंही राहो. राखी, का थांबलीस? लिही.

खरी गंमत पुढंच आहे. मोठे बाजार रोज चालू असताना व्यापारी आमच्या शेडमध्ये कशाला येतील? बायका यावर महिनाभर डोकं खाजवत होत्या. चैतालीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मध्ये ठेवलं आणि अमावस्येवर बोट टेकवलं. म्हणाली, काही मोठ्या बाजारांनी ही सुट्टी सोडली असं ऐकते, पण आपल्या आसपासचे लिलाव अजून या दिवशी बंद असतात. आपण नेमके त्याच दिवशी उघडू. एकदा व्यापाऱ्यांना वाट माहीत झाली की मग बाकीचे दिवस.

सिंधुबाईने कपाळाला हात लावला. मला मात्र टाळी वाजवावीशी वाटली. आम्ही बौद्ध, आमची वंदना पौर्णिमेला, अमावस्येशी आमचं काही भांडण नाही. पुढच्या शुक्रवारी अमावस्या. सात दिवस. माझ्या पायाला आताच मुंग्या यायला लागल्यात, आणि त्या म्हातारपणाच्या नाहीत.

१२ एप्रिल, रविवार

मी आणि सिंधुबाई दोन दिवस घरोघर फिरतोय. लोक अमावस्या म्हटलं की दार लावून घेतील असं वाटलं होतं. निम्म्यांनी सरळ विचारलं, ट्रॉली किती वाजता आणायची? एक म्हातारा म्हणाला, कांद्याला कुठं माहीत असतं आज तिथी कोणती.

योगेश नावाचा तरुण व्यापारी आहे, त्याच्यामागे आणखी तिघं-चौघं असतात. तो म्हणाला, आजी, खाणाऱ्याला अमावस्येलाही कांदा लागतोच. गाडीला लिंबू-मिरची बांधीन आणि येईन. मी म्हटलं, दोन आण, एक आमच्या अध्यक्षांच्या खुर्चीला बांधू. सिंधुबाई वाटभर माझ्याशी बोलली नाही.

अडला तो गोटीराम. तो हमालांच्या टोळीचा मुकादम. टोळीत बावीस माणसं. ट्रॉलीतला कांदा उतरवायचा, गोणीत भरायचा, मापायचा, ट्रकमध्ये चढवायचा, सगळं त्यांच्या पाठीवर. आसपासच्या सगळ्या बाजारांना हीच टोळी जाते. तो म्हणाला, 'अमावस्येला मालाला हात लावायचा नाय आजी, लय वाईट दिवस,' आणि जमिनीकडे बघत राहिला.

घरी येऊन मी म्हटलं, अंधश्रद्धा. चैताली म्हणाली, अंधश्रद्धा. राखीनेही मान हलवली. या घरात असं एकमत मी पूर्वी कधी पाहिलेलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. सकाळी झेंडा, वंदना, खीर. दुपारी आमचा खास कार्यक्रम. माझा पुतण्या प्रफुल्ल शाळेत गुरुजी आहे. त्याला शेडमध्ये उभं केलं आणि समोर गोटीरामची सगळी टोळी बसवली. प्रफुल्लने तीन कांदे आणले होते. मोठा कांदा सूर्य, मधला पृथ्वी आणि गोल्टी, म्हणजे अगदी बारका कांदा, तो चंद्र. गोल्टी पृथ्वीभोवती फिरवून त्याने अमावस्या करून दाखवली, अर्धा तास. बोलतो चांगला, थांबत नाही हीच खोट.

शेवटी काही शंका आहे का विचारल्यावर एका हमालाने सूर्य हातात घेतला, दाबून बघितला आणि म्हणाला, माल दिसायला चांगला हाय गुरुजी, पण मान जाड हाय, साठवणीच्या चाळीत टिकायचा नाय.

गोटीराम उठून म्हणाला, 'बरोबर हाय गुरुजी. तुमचं सगळं बरोबर हाय.' टाळ्या पडल्या. आम्ही जिंकलो. चैतालीने मला उचलून गरकन फिरवलं, या वयात. प्रफुल्लला मी दोन वाट्या खीर जास्त दिली.

१७ एप्रिल, शुक्रवार, अमावस्या

सकाळी सहालाच ट्रॅक्टरांचा आवाज. मी चूळ न भरता बाहेर. शेडपासून मारुतीच्या पारापर्यंत ट्रॉल्याच ट्रॉल्या. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावात वाहतूक अडली. मी पाराशी उभी राहून हात दाखवत होते, कोणी ऐकत नव्हतं, तरी दाखवत होते.

योगेश आला, त्याचे चौघं आले. चैताली हातात माइक घेऊन पहिल्या ट्रॉलीपाशी. लिलाव सुरू झाला. बोली चढायला लागली तशी सिंधुबाईने माझा दंड धरला, त्याचे वळ अजून आहेत. पहिल्या ट्रॉलीचा सौदा पक्का झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मग ट्रॉली शेडमध्ये लागली आणि सगळे उतरवायची वाट बघत उभे राहिले. उतरवणार कोण? गोटीराम नाही. त्याच्या बावीसांतला एकही नाही.

आधी वाटलं, येतील. मग चैताली फोन करत राहिली. मग आम्ही बायकांनी पदर खोचला आणि पाट्या घेऊन स्वतः उतरलो. दुपारपर्यंत तीन ट्रॉल्या झाल्या. रांगेत साठ होत्या. ऊन असं की कांदा ट्रॉलीतच तापला. व्यापारी घड्याळ बघत होते. शेवटी एकेक ट्रॅक्टर वळला. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

चैताली वजनकाट्यावर उभी होती. नुसतीच. काट्यावर तिचं वजन दिसत होतं.

२२ एप्रिल, बुधवार

पाच दिवस सांगण्यासारखं काही नव्हतं. आज चैतालीने कारखान्यात फोन लावला, रजा संपायच्या आत परत आलं तर चालेल का असं विचारलं. साहेब चालेल म्हणाला.

मी तिला म्हटलं, जायचं तर जा, तुझ्या वाटणीची भाकरी मी खाईन. ती हसली नाही. राखी म्हणते आज पेन नीट उमटत नाही, उद्या लिहू. उमटतंय तर.

२५ एप्रिल, शनिवार

आज मी गोटीरामच्या घरी गेले, त्याला झापायला. वाटेत सगळे शब्द जुळवून ठेवले होते. तो घरी नव्हता, नामपूरला कामावर. त्याची बायको लंकाबाई दगडावर त्याचे सदरे घासत होती. म्हटलं, चला, हिलाच झापू. म्हटलं, एवढा धिप्पाड नवरा तुझा आणि अमावस्येला भितो?

ती घासायची थांबली नाही. म्हणाली, 'भ्या त्याला नाय आजी, शेठ लोकांना हाय.'

मी खाली बसले. मग तिने जे सांगितलं ते असं. रविवारी लिलाव बंद असतो, पण शेठच्या खळ्यावर, म्हणजे कांदा साठवायच्या आवारात, ट्रक भरायचे असतात. सणाला ट्रक भरायचे असतात. सुट्टी मागितली तर म्हणतात, मग कायमचाच घरी बस. अमावस्येला मात्र कोणी बोलवत नाही, कारण त्या दिवशी शेठच ट्रक हलवत नाही. महिन्यात तेवढा एक दिवस गोटीरामची पाठ जमिनीला टेकते. ती तेल कोमट करून चोळते. दुपारपर्यंत तो झोपतो. मुलं बापाला नीट बघतात ती त्याच दिवशी.

'अमावस्येचं भूत तेवढं आमच्या बाजूचं हाय,' ती म्हणाली. 'ते पण तुम्ही घालवायला निघालात.'

मी विचारलं, मग प्रफुल्लसमोर सगळं बरोबर आहे असं का म्हणाला?

'बरोबरच होतं ना. चंद्राचं समदं बरोबर होतं. पाठीचं कुणी विचारलंच नाय.'

जुळवून आणलेले शब्द मी तिथंच टाकून आले. चाळीस वर्षं मी लोकांच्या वावरात वाकले. हे मला तरी कळायला हवं होतं. पण आपण अमावस्या सोडली याचा आम्हाला असा काही अभिमान, की ज्याने धरून ठेवली त्याला विचारायलाच विसरलो. राखी म्हणते, हे वाक्य खोडू का? नको. राहू दे.

चैतालीला सगळं सांगितलं. ती ताडकन उठली. म्हणाली, आजी, आमच्या कारखान्याच्या फाटकावर साप्ताहिक सुट्टीचा वार रंगवलाय. साहेबालाही तो पुसता येत नाही. मी रोज त्या पाटीखालून जात होते आणि एकदाही वर बघितलं नाही.

आता ती पुन्हा वहीत काहीतरी खरडतेय. जेवायला तीनदा हाक मारली, आली नाही. मला बरं वाटतंय. भूक नसलेली माणसं दोन तऱ्हेची असतात, ही दुसऱ्या तऱ्हेची.

१ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा आणि कामगार दिन एकाच दिवशी, आणि आमची मीटिंग पण. एवढ्या सगळ्याला एक पांढरी साडी पुरली.

चैतालीने ठराव मांडला. आसनवाड्याच्या बाजाराची सुट्टी दर बुधवारी. त्या दिवशी लिलाव नाही, भरणं नाही. आणि मुख्य म्हणजे, इथं खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याने बुधवारी या टोळीला दुसरीकडे कुठंही बोलवायचं नाही. कंपनीच्या नियमात लिहायचं, व्यापाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या, पाटी रंगवायची. हे झालं तरच हमालांकडे अमावस्या मागायची.

सिंधुबाई भडकली. म्हणाली, असा नियम दुसरीकडे कुठं आहे? व्यापारी म्हणतील, आम्ही जुन्या बाजारातच बरे. आधीच एकदा तोंडावर पडलोय. तिचं चूक नव्हतं. शेडच्या कर्जावर पहिली सही तिची आहे.

मी काही बोलणार तेवढ्यात तीच थांबली. दाराबाहेर लंकाबाई उभी होती, कंपनीत तिचा भाग नाही म्हणून आत येत नव्हती. सिंधुबाईने तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. 'पोळ्याला बैलाच्या मानेला मी जू लावू देत नाही,' ती म्हणाली. 'सासऱ्यापासून आमच्या घरात ही रीत आहे. आणि गोटीरामला पोळ्याच्या दिवशी मीच ट्रक भरायला बोलावलं होतं.' मग तिने हात वर केला, सगळ्यांच्या आधी. नंतर हातच हात.

योगेशने सही केली. म्हणाला, अमावस्येला माल मिळणार असेल तर बुधवारचं बघू. त्याचं ते 'बघू' मला आवडलं नाही.

गोटीराम सगळं ऐकून म्हणाला, 'लिहिलेलं मी लय पाहिलं आजी. आधी एक बुधवार जाऊ द्या.'

६ मे, बुधवार

राखी, आज भराभर लिही, मला दम नाही.

मी दुपारी लंकाबाईकडे बसले होते. गोटीराम उघड्या अंगाने चटईवर पालथा, ती त्याच्या पाठीवर तेल चोळत होती. ओट्यावर टोळीतले पाच-सहाजण पत्ते खेळत होते. पण खेळात कुणाचा जीव नव्हता. सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे. बोलावणं आलं की उठायचं, ही सवय एका पाटीने जात नाही.

आणि चैताली आली. गाडीवरून, धूळ उडवत, चेहरा लाल. पत्ते खाली पडले. गोटीराम न सांगता उठून बसला आणि सदरा चढवायला लागला. लंकाबाईने तेलाचा हात पदराला पुसला. म्हटलं, संपलं, हिनेच नियम मोडला.

चैताली दारातूनच म्हणाली, 'मुकादम, योगेशशेठचा फोन होता. त्यांचा ट्रक आलाय, आजच भरून हवाय म्हणतात, नाही तर गिऱ्हाईक जाईल.'

गोटीराम म्हणाला, 'चलतो.'

'चलायला नाही सांगत. मी त्यांना उद्या सकाळी सातची वेळ दिलीय. तुम्हाला परत फोन करतील, म्हणून सांगायला आले. उचलू नका.'

गोटीरामचा एक हात सदऱ्यात, एक बाहेर. मग फोन वाजला. चटईवरच पडला होता, वाजत राहिला, सगळे त्याच्याकडे साप निघाल्यासारखे बघत होते. वाजून वाजून बंद झाला. गोटीरामने सदरा काढला आणि पुन्हा पालथा झाला. ओट्यावरचा एकजण एवढ्या मोठ्याने हसला की शेजारची शेळी उठली.

घरी येताना चैताली म्हणाली, आजी, योगेशशेठ खूप बोलले. अमावस्येला ते येणार नाहीत. ते नाही आले तर बाकीचे चौघंही नाहीत. मी म्हटलं, मग मी घेते सगळा कांदा. ती हसली, थोडी.

मला भीती वाटत नाही. राखीला वाटतेय, ती दोनदा उठून पाणी पिऊन आली.

१६ मे, शनिवार, अमावस्या

साधी नाही, शनी अमावस्या. आणि उद्यापासून धोंड्याचा महिना. सिंधुबाईच्या हिशोबाने याहून कठीण दिवस पंचांगात सापडत नाही. ती पहाटेच मारुतीला तेल वाहून आली, मग काट्याला नारळ फोडला. मी म्हटलं, मला खोबरं दे, श्रद्धा तू ठेव.

शेडपाशी गेलो तर तिथं आधीच माणसं. गोटीराम आणि बावीस. धुतलेले सदरे, डोक्याला फडकी, रांगेत उभे. ट्रॅक्टर अजून आलेही नव्हते. गोटीराम म्हणाला, 'आजी, झोप झालीय. आणा किती आणायचा तो कांदा.'

आला की. पहिल्या वेळेपेक्षा कमी, पोळलेले लोक सावध असतात. पण चाळीसेक ट्रॉल्या आल्या. व्यापारी दोन. फक्त दोन, आणि दोघं एकमेकांकडे बघून बोली दाबायला लागले. चैतालीचा आवाज कोरडा पडत चालला. नवव्या ट्रॉलीला मागून कोणीतरी बोली चढवली. वळून बघितलं तर योगेश. मागे नवे तीन चेहरे. गाडीला लिंबू-मिरची.

मी त्याला गाठलं. म्हटलं, तू येणार नव्हतास ना? तो म्हणाला, 'ट्रक एक दिवस उशिरा गेला आजी, बोलणी मी खाल्ली. मग विचार केला, जिथं हमालाला दिलेला शब्द बदलत नाहीत, तिथं काटाही बदलत नसेल.'

पुढचं काय सांगू. बोली चढली की ट्रॉली आत, आत गेली की रिकामी. गोटीरामची टोळी काय काम करते ते मी आज पहिल्यांदा नीट बघितलं. पाटी हातात येते आणि जाते, मध्ये थांबतच नाही. तीन वाजता शेवटची ट्रॉली निघाली. प्रफुल्ल भाषणाला तयार होऊन आला होता, त्याला पाट्या रचायला लावलं.

चैताली पुन्हा काट्यावर उभी राहिली, आणि सिंधुबाई आणि मी पण चढलो. आकडा काय आला ते इथं लिहायचं नाही.

२० मे, बुधवार

आज राखीने पेन धरलं नाही. म्हणाली, आई, आज बुधवार. पाटीवर सुट्टी हमालांची आहे, पण वार काही एकट्या हमालांचा नाही. आणि चप्पल घालून सिंधुबाईच्या ओट्यावर निघून गेली. तिथं लंकाबाई पण आहे, आणखी सहा-सातजणी आहेत. दुपारी पोह्यांवर भागवा असा निरोप आलाय. गावातल्या पुरुषांना हे भलतंच महाग पडणार, ठरावाला हात वर करताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणून आज लिहितेय चैताली. तिच्यासमोर बोलायचं म्हणजे जपून. मी सुरुवात केली, लिही, कंपनीला आता दुसऱ्या एका गावातून बोलावणं आलंय, त्यांनाही असा बाजार काढायचाय, पाटीवर काय लिहिलंय त्याचा फोटो मागितलाय. तिने लिहिलं. मग मी म्हटलं, लिही, जुलैमध्ये पोरगी सातपूरला परत गेली तर...

तिने पेन थांबवलं. म्हणाली, 'आजी, मी काल कारखान्यात फोन केला होता. काय सांगितलं ते विचार.'

मी विचारलं नाही. एवढंच विचारलं की सातपूरच्या खोलीतली तुझी खाट तुझ्या बाबाने ट्रॅक्टरवर आणली की ती ओट्यावर टाकायची का आत. ती म्हणाली आत, खिडकीपाशी. मी म्हटलं, खिडकीपाशी मी झोपते.

अर्धा तास यावर भांडतोय. अजून मिटलेलं नाही.